थोडीशी शुगर

"आणखी काही आजार?" कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी विचारलं. पीपीई किटच्या आतून त्यांचा आवाज शेजारच्या खोलीतून आल्यासारखा येत होता.

"तसं काही नाही. थोडीशी शुगर आहे."

"थोडीशी म्हणजे किती?"

मला सांगता येईना. शेवटची तपासणी कधी केली तेही आठवेना. गोळीचं नाव विचारलं तर मी गोळीचा रंग सांगितला. डॉक्टर रागावले नाहीत. केस पेपरवर 'मधुमेह आहे, नियंत्रण माहीत नाही' असं लिहून त्यांनी सिस्टरांना बोट टोचायला सांगितलं. मीटरवर आकडा आला 318. पोटात अन्न जाऊन तेव्हा सहा तास उलटून गेले होते.

ही 2020 च्या ऑक्टोबरातली गोष्ट. लस अजून आलेली नव्हती. घरात आम्ही तिघं, दादा, वहिनी आणि मी. दोन दिवसांच्या अंतराने तिघंही तापलो आणि तिघांचे रिपोर्ट पॉझिटिव्ह आले. पहिल्या क्षणापासून सगळ्यांचा जीव दादासाठी टांगणीला लागला. तो 63 वर्षांचा, मधुमेह अठरा वर्षांचा, सोबत बीपी आणि 2014 मध्ये हृदयाच्या रक्तवाहिनीत घातलेला स्टेंट. मी 46 ची. शुगर निघून सात वर्षं झालेली आणि वजन उंचीच्या मानाने चौदा-पंधरा किलो जास्त. पण मला आजारी माणसांत कुणीच धरलं नव्हतं आणि मीही स्वतःला धरत नव्हते.

भीतीला कारणही होतं. त्या वर्षी फेब्रुवारीत चीनच्या रोग नियंत्रण केंद्राने पक्कं निदान झालेल्या 44,672 रुग्णांचे आकडे प्रसिद्ध केले होते आणि ते जगभर फिरले. एकूण मृत्यू 2.3 टक्के. आधीपासून हृदयविकार असलेल्यांत 10.5, मधुमेह असलेल्यांत 7.3, श्वसनाचे जुने आजार असलेल्यांत 6.3, रक्तदाब असलेल्यांत 6 टक्के. आणि कुठलाच आजार नोंदवलेला नाही अशांत 0.9. दादाने हा तक्ता आपल्या वहीच्या मागच्या पानावर उतरवून ठेवला होता. मी तो वाचला की पहिल्या दोन ओळींवर माझी नजर अडकायची, कारण त्या दोन्ही दादाच्या होत्या. त्यातली मधुमेहाची ओळ माझीही आहे, हे मनात आलंच नाही.

दादाच्या वहीबद्दल सांगायलाच हवं. चौकटीचे कागद असलेली साधी वही. प्रत्येक पानावर चार रकाने: तारीख, उपाशीपोटीची शुगर, जेवणानंतरची शुगर, बीपी. मधेच लाल शाईत दर तीन महिन्यांचं एचबीएवनसी, म्हणजे मागच्या तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगणारी तपासणी. 6.9, 7.1, 6.8 असे आकडे. पहिल्या पानावर सगळ्या गोळ्यांची नावं, डोस, वेळ. स्टेंटनंतर डॉक्टरांनी बजावलं होतं म्हणून त्याने हे सुरू केलं आणि कधी सोडलं नाही.

ताप आल्याच्या दुसऱ्या दिवशी एका नातेवाइकाचा फोन आला. दादा बीपीसाठी घेतो त्या जातीच्या गोळ्यांमुळे शरीरात विषाणूला शिरायची दारं वाढतात, ताबडतोब बंद करा, असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. दार म्हणजे पेशीवरचं एसीई-2 नावाचं प्रथिन. विषाणू त्यालाच चिकटून आत शिरतो, एवढं खरं होतं. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र नुसता तर्क होता. दादाने गोळी बंद करण्याआधी डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर म्हणाले, "मनाने एकही गोळी थांबवायची नाही. बीपी उसळलं किंवा हृदयावर ताण आला तर कोविडपेक्षा ते आधी महागात पडेल." एका गटाच्या या गोळ्या चालू ठेवून आणि दुसऱ्याच्या थांबवून पुढे रीतसर चाचण्या झाल्या. त्यांतही थांबवल्याने काही फायदा होतो असं दिसलं नाही.

एक गोळी मात्र डॉक्टरांनी स्वतःहून थांबवायला लावली. लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी. ताप असताना, खाणं-पिणं कमी झालेलं असताना त्या गोळीने शरीरात कीटोन नावाची आम्लं साठू शकतात आणि तेही शुगर फारशी वाढलेली नसताना, म्हणजे मीटर बघून धोका कळतही नाही. अशी सूचना मिळायला आपण नेमकं काय घेतो ते समोरच्याला सांगता यावं लागतं. दादाने वही उघडून पाच ओळी वाचल्या आणि दोन मिनिटांत काम झालं.

पाच दिवसांत दादाचा ताप उतरला. त्याचीही शुगर 220 पर्यंत चढली होती, कारण कुठलाही मोठा संसर्ग ती चढवतोच. पण दिवसातून चार वेळा टोचून, फोनवर डोस बदलून घेऊन तो ती खाली आणत राहिला. ऑक्सिजन 95 च्या खाली गेला नाही. वहिनींना चव-वास गेल्याखेरीज विशेष काही झालं नाही.

सातव्या दिवशी संध्याकाळी दादा म्हणाला, "अगं, सगळ्यांनी चालून बघायचं ठरलं होतं ना? तू अजून चाललीच नाहीस." सहा मिनिटं घरातल्या घरात चालायचं, आधी आणि नंतर ऑक्सिमीटर लावायचा, अशी ती चाचणी. मला दम लागलेला नव्हता, निदान तसं वाटत नव्हतं. बसून 95 होतं. चालून आल्यावर 89. बोट गार असेल म्हणून हात चोळले, बोट बदललं. 88. मला आतून काहीच वेगळं वाटत नव्हतं आणि नेमकी त्याचीच भीती वाटली. या आजारात ऑक्सिजन घसरतो तेव्हा कित्येकांना धाप लागल्याचं जाणवतच नाही. 94 च्या खाली गेलं किंवा चालल्यावर तीन-चारने पडलं की घरी थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा, हे आम्हाला माहीत होतं. दादासाठी पाठ केलेला नियम लागू पडला मला.

दुसऱ्या दिवशी सगळे रिपोर्ट हातात आले. छातीच्या सिटी स्कॅनचा स्कोर 25 पैकी 13. सीआरपी आणि डी-डायमर वाढलेले, म्हणजे शरीरात दाह आणि रक्तात गुठळ्या होण्याची शक्यता. आणि एचबीएवनसी 10.4.

राउंडला येणाऱ्या निवासी डॉक्टर जेमतेम तिशीच्या असतील. त्यांनी तो कागद माझ्यासमोर धरला आणि 10.4 वर पेनाने गोल केला. "हा आकडा मागच्या तीन महिन्यांचा आहे, मॅडम. कोविड येण्याआधीचा. विषाणू आला तेव्हा शरीर आधीच थकलेलं होतं." मी विचारलं म्हणून त्या दोन मिनिटं थांबल्या. शुगर अशी सतत चढलेली राहिली की पांढऱ्या पेशी सुस्तावतात, संसर्गाशी वेळेवर आणि नीट लढत नाहीत. उलट दाह मात्र आधीपासून मंद आचेवर चालूच असतो, तो नंतर भडकायला वेळ लागत नाही. रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर दुखावलेलं असतं आणि हा विषाणूही त्याच अस्तरावर घाला घालतो, म्हणून गुठळ्यांचा धोका दुपटीने सांभाळायचा. त्यात पोटावरची चरबी. आडवं झालं की पोट छातीखालच्या श्वासाच्या पडद्याला वर ढकलतं आणि फुप्फुसांचा खालचा भाग पुरता फुलत नाही. "आता यात आपण स्टेरॉइड देणार," त्या म्हणाल्या, "ते दिल्याशिवाय चालणार नाही आणि त्याने शुगर आणखी चढणार."

तो पेच मला तिथे पहिल्यांदा कळला. डेक्सामेथासोन, दिवसाला 6 मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. त्याच वर्षी जूनमध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीचे निकाल आले होते. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू या स्वस्त, जुन्या औषधाने सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले, ऑक्सिजनवरच्यांचे एक पंचमांशाने. ज्यांना ऑक्सिजन लागलाच नव्हता त्यांना मात्र काहीही फायदा दिसला नाही. घरी, ताप आला त्याच दिवशी हे औषध सुरू करणाऱ्यांच्या गोष्टी मी वॉर्डात ऐकल्या आणि मनापासून वाईट वाटलं. फायदा शून्य, आणि शुगर असेल तर नुकसान ठरलेलं.

पहिला डोस सकाळी नऊला मिळाला. दुपारी दोनला शुगर 296. पाचला 412. सिस्टरांनी मीटरचा पडदा माझ्याकडे वळवला नव्हता, मीच हट्टाने बघितला. तासाभरात हातात दुसरी सुई आली आणि पलंगाशेजारी एक छोटा पंप. त्यातून इन्सुलिन थेंबाथेंबाने शिरेत जाणार आणि दर तासाला बोट टोचून त्याचा वेग बदलणार. गोळ्या सगळ्या बंद. मेटफॉर्मिनही, कारण ऑक्सिजन कमी असताना ते चालू ठेवलं तर रक्तात आम्ल साठायची भीती असते.

दर तासाला एक बोट. पहाटेपर्यंत दोन्ही हातांची बोटं संपली होती. रात्रीच्या सिस्टर प्रत्येक वेळी बोटाच्या टोकाऐवजी कडेला टोचायच्या, तिथे कमी दुखतं म्हणून. दोन हातमोजे घातलेल्या हातांनी, चष्म्यावर वाफ धरलेली असताना, तो मोहरीएवढा रक्ताचा थेंब पट्टीच्या टोकाला बरोबर लावायचा. एकदा थेंब कमी पडला, मीटरने चूक दाखवली, पुन्हा टोचावं लागलं. "सॉरी ताई," त्या म्हणाल्या. मला रडू आलं. ज्या पट्टीवर सात वर्षं मी स्वतःच्या रक्ताचा एक थेंब ठेवला नव्हता, ती पट्टी दुसरं कुणीतरी माझ्यासाठी रात्रभर जागून भरत होतं.

मास्कला लावलेल्या पिशवीतून ऑक्सिजन पंधरा लिटरवर गेला. दिवसाचे आठ-दहा तास पालथं झोपायचं. फुप्फुसांचा पाठीकडचा दबलेला भाग मोकळा होतो म्हणून. पहिल्या दिवशी मला अर्धा तासही जमेना. पोटाचं ओझं, मानेला रग, मास्क सरकतो. छातीखाली एक आणि कमरेखाली एक अशा उशा लावल्यावर हळूहळू जमायला लागलं. पालथं झालं की 90 चे 94 होताना पडद्यावर दिसायचे. ते चार आकडे मिळवायला किती जोर लावला असेल मी!

रोज पोटात एक इंजेक्शन, रक्त गोठू नये म्हणून. आणि रोज सकाळी त्या निवासी डॉक्टर टॉर्च घेऊन माझं तोंड उघडायला लावायच्या, टाळू बघायच्या, गालाच्या हाडावर दाबून दुखतंय का विचारायच्या. तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही. पुढच्या वर्षी म्युकरमायकोसिसचं नाव सर्वतोमुखी झालं तेव्हा लागला. चढलेली शुगर आणि स्टेरॉइड, त्या बुरशीला दोन्ही हवंच असतं.

स्टेरॉइडवरच्या शुगरची एक चाल असते, ती मी त्या दहा दिवसांत ओळखायला शिकले. सकाळी औषध दिलं की दुपारपासून चढायला लागते, संध्याकाळी शिखर, पहाटेपर्यंत उतार. म्हणून उपाशीपोटीची शुगर फसवते. माझी चौथ्या दिवशी सकाळी 138 होती, मी खूश. त्याच संध्याकाळी 340. फक्त सकाळचा आकडा बघून कुणी निर्धास्त राहिलं असतं तर रोज आठ-दहा तास रक्त साखरेत भिजत राहिलं असतं. घरी स्टेरॉइड चालू असलेल्या प्रत्येकाला मी हे सांगत आले आहे: दुपारची आणि संध्याकाळची बघा.

पलीकडच्या पलंगावर एक बाई होत्या, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठ्या. दोन्ही मूत्रपिंडं निकामी, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. त्या बाईंइतकी शिस्त मी कुणात बघितली नाही. पाणी मापाने प्यायच्या, प्रत्येक औषधाचा डोस सिस्टरांना विचारून घ्यायच्या, कारण मूत्रपिंड काम करत नसलं की कित्येक औषधं शरीरातून बाहेरच पडत नाहीत. आपला आजार त्यांना तोंडपाठ होता. सहाव्या दिवशी त्यांना आयसीयूत नेलं आणि नवव्या दिवशी त्या गेल्या.

हे लिहिताना मला फार जपून लिहावंसं वाटतं. दादाचा आजार ताब्यात होता म्हणून तो तरला आणि माझा नव्हता म्हणून मी खोलात गेले, असं सरळ गणित मांडलं तर त्या बाईंवर अन्याय होईल. त्यांच्याकडून काहीही राहिलं नव्हतं. काही आजार कितीही सांभाळले तरी शरीराची ताकद खाऊन टाकतात. निवासी डॉक्टरांनाही मी विचारलं होतं, दादाचं वय, स्टेंट, सगळं असून तो घरी कसा बरा झाला? त्या म्हणाल्या, "एका घरावरून नियम काढू नका. तुमच्या दादांसारखेच सगळं ताब्यात असलेले पेशंट खाली आयसीयूत आहेत. पण तुमच्या हातात जे होतं त्याचं वजन कमी नाही."

घरी आल्यावर मी वाचायला लागले. इंग्लंडमधल्या 1 कोटी 70 लाखांहून जास्त लोकांच्या वैद्यकीय नोंदींवरून केलेला ओपनसेफली हा अभ्यास मला सगळ्यात जास्त उमगला, कारण त्यात वय आणि बाकीचे आजार यांचा हिशेब वजा करून प्रत्येक आजाराचा वेगळा भार काढला होता. चीनच्या कच्च्या टक्केवारीत ते नव्हतं. हृदयविकार असलेले लोक मुळात वयाने मोठे असतात, त्यामुळे आजाराचं किती आणि वयाचं किती ते त्यातून सुटं होत नव्हतं. इथे ते सुटं झालं. वय सगळ्यात जड निघालं: पन्नाशीतल्यांच्या तुलनेत ऐंशीपुढच्यांना मृत्यूचा धोका वीसपट. मूत्रपिंडाचं काम फारच घटलेलं असेल तर सुमारे अडीच पट. नुसत्या रक्तदाबाचा वेगळा भार जवळजवळ उरलाच नाही. आणि मधुमेह त्यांनी एका ओळीत ठेवला नव्हता, दोन केल्या होत्या. एचबीएवनसी साडेसातच्या आत असेल तर धोका सुमारे 1.3 पट. त्यावर असेल तर जवळपास दुप्पट.

दादाची ओळ आणि माझी ओळ. दोघांच्या केस पेपरवर शब्द एकच होता, मधुमेह.

चीनमधला आणखी एक अभ्यास वाचला. दवाखान्यात असताना ज्यांची शुगर 70 ते 180 च्या दरम्यान राखता आली त्या मधुमेही रुग्णांत मृत्यू 1.1 टक्के, ज्यांची वर गेली त्यांच्यात 11 टक्के. यात एक मेख आहे: आजार जितका तीव्र तितकी शुगर चढते, तेव्हा चढलेली शुगर थोडी कारण आणि थोडी खूणही असते. तरी तो 11 आकडा वाचून मला त्या रात्रीचा पंप आठवला. मला 180 च्या खाली आणायला त्या लोकांना तीन दिवस लागले होते.

चौदाव्या दिवशी घरी सोडलं. इन्सुलिन दिवसातून दोनदा, डोस उतरता ठेवून. स्टेरॉइड संपलं की इन्सुलिनची गरज भराभर कमी होते, हे डिस्चार्जच्या कागदावर लिहिलेलं होतं आणि तोंडीही सांगितलं होतं. तरीही तिसऱ्या रात्री फसगत झाली. रात्री जेवण गेलं नाही आणि इन्सुलिन मात्र नेहमीचं घेतलं. तीनच्या सुमाराला जाग आली ती घामाने निथळतच. हात थरथरत होते, दिवा कुठे आहे ते सुचेना. दादाला हाक मारली. त्याने आधी बोट टोचलं, 58. मग पाण्यात तीन चमचे साखर विरघळवून प्यायला दिली आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा टोचलं, 84. घड्याळाकडे बघत तो माझ्या पलंगावर बसून राहिला. स्वतः आजारातून उठून तेव्हा त्याला जेमतेम दोन आठवडे झाले होते. सकाळी डॉक्टरांना कळवलं तेव्हा त्यांनी रात्रीचा डोस निम्म्यावर आणला.

नंतरचे तीन महिने पायऱ्यांवर गेले. पहिल्या आठवड्यात चार पायऱ्या चढून थांबायचे. जिना पूर्ण चढायला पाच आठवडे लागले. इन्सुलिन दोन महिन्यांनी सुटलं, दोन गोळ्या राहिल्या. वजन नऊ किलो उतरलं, त्यातलं पहिलं पाच आजाराने नेलं आणि उरलेलं मी. दादाने त्याच्याच गठ्ठ्यातली एक कोरी वही दिली, चौकटीच्या कागदाची. पहिल्या पानावर मी गोळ्यांची नावं लिहिली. रंग नाही, नावं.

जानेवारीत एचबीएवनसी 7.2 आलं. त्याच भेटीत डॉक्टरांनी विचारलं, डोळ्यांचा पडदा शेवटचा कधी तपासला? मधुमेह निघाल्यापासून दरवर्षी तपासायला हवा होता, मी एकदाही गेले नव्हते. बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घालून अर्धा तास बसवलं, मग तपासलं. दोन्ही डोळ्यांच्या पडद्यावर बारीक लाल ठिपके होते. अगदी सुरुवातीची अवस्था, लेझरची गरज नाही, शुगर आणि बीपी ताब्यात ठेवून सहा महिन्यांनी परत या, असं सांगितलं. लघवीतून प्रथिन जातंय का याची तपासणीही लिहून दिली. ते ठिपके कोविडने दिलेले नव्हते. बाहेर आले तेव्हा थेंबांमुळे सगळं पांढरंफटक, अंधूक दिसत होतं. दादाने हाताला धरून जिना उतरवला आणि पुढच्या तपासणीची तारीख माझ्या वहीत त्यानेच लिहिली, लाल शाईने.